ऑटिझमची शंका आहे, निदान झालेलं नाही: आईवडिलांशी काय बोलायचं आणि कधी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळला आहे की नाही हे तुम्हालाही समजेल. तुम्ही अर्ली इंटरव्हेन्शनमध्ये, म्हणजे विकासात मागे पडणाऱ्या लहान मुलांना लवकर मदत देण्याच्या कामात, स्पेशल एज्युकेटर म्हणून नुकतंच काम सुरू केलं आहे. 22 महिन्यांचा एक मुलगा ‘अजून बोलत नाही’ एवढ्याच तक्रारीवरून तुमच्याकडे येऊ लागला. काही सेशन झाल्यावर तुमच्या लक्षात आलं की तो हाकेला वळत नाही, बोट दाखवत नाही, गाडी उलटी करून चाकं फिरवत बसतो आणि काही हवं असलं की मोठ्या माणसाचा हात धरून ओढत नेतो. आईवडिलांच्या मते हा फक्त उशिरा बोलण्याचा प्रकार आहे. आजी सांगते, याचा बापही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता. निदान करण्याचा अधिकार तुम्हाला नाही. ‘ऑटिझम’ हा शब्द काढला तर ते यायचेच बंद होतील अशी भीती वाटते, आणि नाही काढला तर आपण काहीतरी लपवतोय असं मनाला खातं.

हा पेच या कामातल्या बहुतेक जणांना पडतो. माझ्या मते इथे दोन कामांची सरमिसळ झाली आहे. निदान सांगणं हे एक काम, ते तुमचं नाही. तुम्ही काय पाहिलं आणि त्यामुळे पुढची तपासणी का हवी हे सांगणं हे दुसरं काम, आणि ते पूर्णपणे तुमचंच आहे. ते टाळलं तर मूल दर आठवड्याला तुमच्याकडे येत राहतं, आईवडिलांना वाटतं की सगळं मार्गी लागलं आहे, आणि महत्त्वाचे महिने निघून जातात. त्यामुळे माझं उत्तर ‘हो, शब्द काढा’ असं आहे. पण कुठल्या क्रमाने आणि काय तयारी करून, यावर सगळं अवलंबून आहे.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर ठरतात. मुलाच्या डॉक्टरांनी आधी काही सूचित केलं आहे का? आईवडिलांची आणि तुमची ओळख किती मुरली आहे? तुमच्या संस्थेत अशी बोलणी वरिष्ठांसोबतच करायची असा नियम आहे का? असेल तर तो पाळा, आणि त्या वरिष्ठांना मुलगा आधी प्रत्यक्ष दाखवा. एक गोष्ट मात्र कुठेही बदलत नाही. मुलाला आधी येत असलेलं काही गेलं असेल, म्हणजे चार शब्द बोलायचा आणि आता बोलत नाही, टाटा करायचा आणि आता करत नाही, तर वाट पाहायची नाही. येत असलेलं कौशल्य हरवलं की त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे पाठवायचं, कारण त्यामागे ऑटिझमखेरीज इतरही वैद्यकीय कारणं असू शकतात. हा प्रश्न पालकांना थेट विचारा. ‘आधी करायचा आणि आता करत नाही असं काही आहे का?’ असं कोणी विचारल्याशिवाय ते बहुधा सांगत नाहीत.

आता तुम्ही काय पाहताय याकडे येऊ. नुसतं न बोलणं हे या वयात फार काही सांगत नाही. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे गाठून घेतात. महत्त्वाचं असतं ते हे की शब्द नसताना मूल काय करतं. ज्याला फक्त बोलायला उशीर होतोय ते मूल शब्दांची उणीव बाकी सगळ्याने भरून काढतं: बोट दाखवतं, मान हलवतं, तोंड वेडंवाकडं करतं, वस्तू आणून हातात देतं आणि तुमच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज घेतं. ऑटिझमची शंका येते ती ही भरपाईच दिसत नाही तेव्हा.

मी यासाठी साबणाच्या फुग्यांची बाटली वापरते. थोडे फुगे सोडते, मुलाला मजा येऊ देते, मग झाकण घट्ट लावून बाटली त्याच्यासमोर ठेवते आणि काहीच न बोलता थांबते. पुढचे काही क्षण फार बोलके असतात. एखादं मूल बाटली उचलून माझ्याकडे धरतं, माझ्याकडे पाहतं, परत बाटलीकडे पाहतं, ‘अं’ करतं. त्याला माहीत आहे की समोर माणूस आहे आणि त्या माणसाला सांगायला हवं. दुसरं मूल झाकण चावतं, ओढतं, मग माझं मनगट धरून माझा हात झाकणावर नेऊन ठेवतं आणि सगळा वेळ त्याची नजर झाकणावरच असते. फुगे दोघांनाही तितकेच हवे आहेत. मागण्याची रीत वेगळी आहे. मग फुगे परत उडाले की बघायचं: आनंद झाल्यावर ते आईकडे वळून पाहतं का? ‘बघ ना!’ असं नजरेनेच सांगण्याची ही सवय साधारणपणे पहिल्या वाढदिवसाच्या आसपास दिसायला लागते, आणि 22 महिन्यांच्या मुलात ती सहज, वारंवार दिसायला हवी.

पण हे एका दिवसात ठरवू नका. झोप न झालेलं, सर्दी झालेलं, अनोळखी खोलीत आलेलं मूल कोणाकडेच बघत नाही. वेगवेगळ्या दिवशी, शक्य असेल तर घरीसुद्धा, तेच तेच दिसलं तरच त्याला अर्थ आहे. आणि जे दिसलं ते लिहून ठेवा, निष्कर्ष नको. ‘नजर देत नाही’ असं लिहू नका. ‘नावाने पाच वेळा हाक मारली, एकदा वळला, आवडतं गाणं लावल्यावर लगेच वळला’ असं लिहा. पुढे डॉक्टरांना आणि पालकांना, दोघांनाही हीच नोंद उपयोगी पडते.

पालकांशी बोलण्याआधी दोन कामं उरकून घ्या.

पहिलं, कान. ‘दार आपटलं तर दचकतो, म्हणजे ऐकू येतंच की,’ असं पालक म्हणतील आणि ते त्यांना अगदी पटलेलं असेल. पण दार आपटल्याचा जाड आवाज ऐकू येऊनही स, श, फ असे बारीक आवाज निसटू शकतात. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं असेल तर आज ऐकू येतं आणि पुढच्या आठवड्यात कमी येतं असंही होतं. हाकेला न वळणाऱ्या, न बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची रीतसर श्रवण तपासणी व्हायलाच हवी. ओएई (आतल्या कानाचा आवाजाला मिळणारा प्रतिसाद मोजणारी तपासणी) आणि गरज पडल्यास बेरा (आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो का हे पाहणारी तपासणी). यात पालकही सहसा अडून बसत नाहीत, त्यामुळे पुढच्या तपासण्यांची सुरुवातही सोपी होते.

दुसरं, एम-चॅट. ही 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठीची 20 प्रश्नांची हो-नाही स्वरूपाची चाळणी आहे. 0 ते 2 गुण म्हणजे सध्या शक्यता कमी, 3 ते 7 म्हणजे पालकांची सविस्तर मुलाखत घेऊन पुन्हा गुण द्यायचे, 8 किंवा जास्त म्हणजे थेट पुढच्या तपासणीला पाठवायचं. मधला मुलाखतीचा टप्पा गाळू नका, कारण कागदावरचं ‘हो’ फार फसवं असतं. ‘बोट दाखवतो का?’ याला आई ‘हो’ म्हणते, आणि तुम्ही ‘कधी, कसं, शेवटचं कधी पाहिलंत?’ असं विचारलं की कळतं, तो फळीवरच्या डब्याकडे हात पसरतो. डबा मागणं वेगळं आणि आकाशातलं विमान तुम्हालाही दिसावं म्हणून दाखवणं वेगळं. तुम्हाला शोधायचं आहे ते दुसरं.

एम-चॅट ही चाळणीच आहे, निदान नव्हे, हे पालकांना समजावताना मी एक आकडा आवर्जून सांगते. या चाचणीच्या सुधारित रूपाचा मोठा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुलाखतीनंतरही ज्यांचे गुण जास्त राहिले त्या मुलांपैकी पुढे साधारण निम्म्यांना, नेमकं सांगायचं तर 47.5 टक्क्यांना, ऑटिझमचं निदान झालं. पण जवळपास 95 टक्के मुलांच्या विकासात काही ना काही काळजीची बाब निघाली. पालकांच्या दृष्टीने याचा अर्थ असा: ‘हा ऑटिझमच आहे असं आज कोणी म्हणू शकत नाही, पण याला मदतीची गरज आहे हे जवळजवळ नक्की आहे.’ थांबून बघू म्हणणाऱ्या कुटुंबाशी बोलताना मला याहून प्रामाणिक वाक्य सापडलेलं नाही.

आता प्रत्यक्ष बोलणं.

वेळ राखून ठेवा. सेशन संपल्यावर दारात, आई मुलाला बूट घालत असताना हे बोलायचं नाही. जमलं तर दोघेही पालक हजर असतील असं बघा, नाहीतर ऐकलेलं सगळं घरी जाऊन समजावण्याचं ओझं एकट्या आईवर पडतं, आणि तिला तर तुमच्याइतकीही माहिती नसते. मूल दुसऱ्या कोणाजवळ खेळत असू द्या.

सुरुवात तुमच्या निरीक्षणाने करू नका, त्यांच्यापासून करा. ‘तो इथे यायला लागल्यापासून तुम्हाला काय वाटतं? कशाची काळजी वाटते?’ असं विचारा आणि खरोखर गप्प बसून ऐका. बऱ्याचदा दोघांपैकी एकाने रात्री जागून सगळं शोधलेलं असतं आणि दुसऱ्याला सांगायची हिंमत झालेली नसते. अशा वेळी तो शब्द त्यांच्याच तोंडून येतो. तुमचं काम मग फक्त तो शब्द हातात घेऊन नीट समोर ठेवण्याचं उरतं.

तो त्यांच्याकडून नाही आला, तर तिघांनी मिळून पाहिलेल्या एखाद्या गोष्टीवर बोट ठेवा. ‘मगाशी फुग्यांच्या वेळी त्याने माझा हात झाकणावर ठेवला, आठवतं? घरी पण असंच करतो का?’ ते ‘हो, नेहमीच’ म्हणतील. मग या वयाची मुलं सहसा काय करतात ते सांगा. मग थेट म्हणा: ‘बोलण्यासोबतच, आपल्याशी संपर्क साधायची त्याची पद्धत मला वेगळी वाटते आहे. हे सगळं एकत्र दिसतं तेव्हा ऑटिझम आहे का, हे तज्ज्ञांकडून तपासून घेतात. मी ते ठरवू शकत नाही, आणि तसं नसूही शकतं. पण तपासणी लांबवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.’

एवढंच. त्यानंतर बोलू नका. ती शांतता भरून काढायचा मोह होतो आणि नेमका तिथेच माणूस ‘पण काळजी करू नका हं, सौम्य असेल’ असं बोलून जातो. सौम्य की तीव्र हे तुम्हाला माहीत नाही. ‘थोडीशी लक्षणं आहेत’ किंवा ‘जरा त्या बाजूला झुकतोय’ अशी अर्धवट वाक्यंही नकोत. पालक त्यातला हवा तो अर्थ काढतात आणि नंतर तुमच्यावरचा विश्वास जातो. त्यांनी सरळ विचारलं, ‘म्हणजे ऑटिझम आहे का?’ तर सरळच उत्तर द्या: ‘ती एक शक्यता आहे, म्हणूनच तपासणी सुचवते आहे.’

शब्द टाळू नये असं मी म्हणते त्याचं अगदी व्यावहारिक कारणही आहे. तुम्ही ज्या तज्ज्ञांकडे पाठवाल त्यांच्या फॉर्मवर तो शब्द असणारच. आईवडिलांनी तो पहिल्यांदा वेटिंग रूममध्ये बसून, कागदावर, एकट्याने वाचावा का? त्यापेक्षा ओळखीच्या माणसाकडून, प्रश्न विचारायची मुभा असताना ऐकलेला बरा.

आजीचं काय? आजीचं म्हणणं खोडू नका. तिची माहिती खरी आहे आणि उपयोगाचीही आहे. तिला विचारा: ‘याचे बाबा बोलत नव्हते तेव्हा काय हवं ते कसं सांगायचे? लपाछपी खेळायचे का? बोट करून दाखवायचे का?’ ती उत्साहाने सांगेल की अहो, बोलत नव्हता पण इशाऱ्यांनी घर डोक्यावर घ्यायचा. आणि सांगता सांगता तिच्याच लक्षात येईल की नातू तसं करत नाही. हा फरक तुम्ही दाखवून देण्यापेक्षा तिला स्वतःला दिसणं केव्हाही चांगलं. क्वचित ती असंही सांगेल की बापही अगदी असाच होता. तेही महत्त्वाचं आहे, कारण ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. मात्र तो निष्कर्ष तिथे बोलून दाखवू नका, फक्त नोंद करा.

यानंतर एक प्रश्न हमखास येतो, आणि बहुतेक वेळा आईच विचारते: ‘माझं काही चुकलं का?’ मी मोबाइल दिला म्हणून, मी कामावर जाते म्हणून, लस दिली म्हणून. याचं उत्तर मी अजिबात गुळमुळीत देत नाही. आईच्या थंड वागण्यामुळे ऑटिझम होतो असं मानसोपचाराच्या क्षेत्रात एके काळी खरंच मानलं जात होतं, आणि त्या समजुतीने एका अख्ख्या पिढीतल्या आयांना गुन्हेगार ठरवलं. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, ज्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता, 1964 मध्ये या समजुतीला जोरदार आव्हान दिलं. आज आपल्याला पक्कं माहीत आहे की हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे. लसीची भीती ज्या शोधनिबंधातून पसरली तो 1998 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये अवघ्या 12 मुलांवर आला होता आणि 2010 मध्ये त्या नियतकालिकाने तो मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गोवर, गालगुंड आणि रुबेलावरच्या एमएमआर लसीचा ऑटिझमशी संबंध आढळला नाही. मोबाइलबद्दल मी म्हणते, ‘मोबाइलमुळे हे झालेलं नाही. पण स्क्रीनसमोरचा वेळ कमी करूया, कारण तो वेळ आपल्याला त्याच्याशी खेळायला हवा आहे.’ दोन्ही वाक्यं एकत्र सांगायची. नुसतं ‘मोबाइल बंद करा’ म्हटलं की आई स्वतःलाच दोषी धरते.

इथपर्यंतचा क्रम एकदा सांगते: आधी लिहून ठेवलेली निरीक्षणं, मग कान आणि एम-चॅट, मग दोघा पालकांशी राखून ठेवलेल्या वेळेत बोलणं, आणि त्याच भेटीत पुढच्या तपासणीची चिठ्ठी.

आता तुमच्या प्रश्नात नसलेला, पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. तपासणीची तारीख लांबची मिळू शकते. त्या काळात काय करायचं? या वयात ज्या मदतीची गरज आहे ती सुरू करायला निदानाचा कागद लागत नाही. संवादाची, खेळाची, दुसऱ्यासोबत एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याची मदत ऑटिझम असो वा नसो, उपयोगीच पडते. ‘रिपोर्ट येऊ द्या, मग बघू’ हे वाक्य तुमच्या तोंडून तरी जाऊ देऊ नका.

आणि हे काम पालकांसोबत करा. आठवड्यातला तुमचा एखादा तास आणि त्यांचा उरलेला सगळा वेळ, यातला फरक उघड आहे. ब्रिटनमध्ये झालेल्या पॅक्ट नावाच्या चाचणीत थेरपिस्ट मुलाला थेट शिकवत नव्हते. पालक आणि मूल खेळतानाचा व्हिडिओ पालकांसोबत बसून बघत होते. 152 मुलांवरच्या या चाचणीचे पहिले निष्कर्ष 2010 मध्ये आले आणि 2016 मध्ये, म्हणजे उपचार संपून सुमारे सहा वर्षं झाल्यावर, त्याच मुलांना पुन्हा तपासलं तेव्हाही फायदा टिकलेला दिसला. यातली युक्ती कुणालाही जमेल अशी आहे. वडिलांना मुलासोबत काही मिनिटं खेळू द्या, फोनवर टिपा, आणि मग चुकांवर न जाता तो एक क्षण थांबवून दाखवा: ‘हे बघा, तुम्ही इथे थांबलात, काही बोलला नाहीत, आणि त्याने वर पाहिलं.’ स्वतःच्या मुलाने आपल्याकडे पाहिलेलं ते अर्ध सेकंद बापाने पडद्यावर पाहिलं की त्याला थांबण्याचं महत्त्व वेगळं पटवावं लागत नाही.

घरी करायला फार थोडं द्या. कपडे घालताना, अंघोळीच्या वेळी, झोक्यावर: समोरासमोर बसा, तो करतो तसं तुम्हीही करा, आवडीची गोष्ट मध्येच थांबवा आणि तो काहीतरी करेपर्यंत वाट बघा. हनुवटी धरून ‘माझ्याकडे बघ’ असं करायला लावू नका. नजर मिळवण्यासाठी जबरदस्ती केली तर मूल माणसांपासून आणखी दूर सरकतं. चाकं फिरवतोय तर गाडी काढून घेण्याऐवजी शेजारी बसून दुसरी गाडी फिरवा, मग थांबा. अनेकदा तो बघतो.

एक धोका आधीच सांगून ठेवा. तपासणीची गोष्ट कानावर जाताच कुणीतरी खात्रीचा उपाय घेऊन येईल. ऑटिझम पूर्ण बरा करून देण्याची हमी जिथे दिली जाते तिथे जाऊ नका, एवढं स्पष्ट सांगा. शरीरातले धातू काढण्याच्या नावाखाली केले जाणारे कीलेशनसारखे उपचार निरुपयोगी तर आहेतच, पण जिवावरही बेतू शकतात.

राहता राहिली तुमची भीती, की ते यायचे बंद होतील. काही कुटुंबं यायची बंद होतात, हे खरं आहे. आज त्यांना ते पेलत नाही. अशा वेळी रागावून किंवा घाबरवून काही साधत नाही. निरीक्षणांची एक प्रत त्यांच्या हातात द्या, श्रवण तपासणीचा आग्रह कायम ठेवा, घरी करायची एखादी गोष्ट द्या आणि दोन आठवड्यांनी मी फोन करेन असं सांगून खरोखर फोन करा. फोनवर तपासणीचा विषय तुम्ही काढू नका, मुलाची चौकशी करा. माझा अनुभव असा की गेलेल्यांपैकी बरेचजण परत येतात, आणि येतात ते ज्याने सरळ सांगितलं होतं त्याच्याकडेच. संमती घेऊन त्यांच्या बालरोगतज्ज्ञांनाही तुमच्या नोंदी पाठवा, म्हणजे पुढच्या लसीच्या किंवा तापाच्या भेटीत तिथेही हा विषय निघेल.

तुमच्याकडे येणाऱ्या या मुलाच्या बाबतीत, या आठवड्यात श्रवण तपासणीची चिठ्ठी द्या आणि पुढच्या सेशनला एम-चॅट मुलाखतीसह पूर्ण करा. मुलाखतीनंतरही गुण 2 किंवा जास्त राहिले, किंवा कमी येऊनही तुम्हाला दिसतंय ते बदललं नाही, तर त्याच्या पुढच्या भेटीला वडिलांनाही बोलवा. पहिल्यांदा हे बोलताना शेजारी अनुभवी सहकारी असू द्या, आणि तुम्ही नेमकं काय म्हणणार ते आधी तिच्यासमोर मोठ्याने म्हणून बघा. आवाज कुठे अडखळतो ते तेव्हाच कळतं.